गळक्या गाडीची आक्का

आक्काची गाडी जिथे उभी राहायची तिथे खाली ऑइलचा डाग पडायचा, आणि त्या डागावरून सगळ्या गल्लीला कळायचं की आज कुणाकडे पाळणा हलला.

आक्का प्रसूतीची नर्स. दवाखान्यात नोकरी, आणि उरलेल्या वेळात घरोघरची बाळंतपणं. हातात काळी बॅग, पायात पांढरे बूट, आणि बुडाखाली दोन दारांची, निळी, जुनाट मोटार. ही मोटार आक्काने घेतली तेव्हाच आधीचा मालक तिला वैतागलेला होता. थोडक्यात काय, गळती तिने माहेरूनच आणली होती.

आता गल्लीला डोळे असतात, आणि डोळ्यांहून मोठी जीभ असते. आक्काची गाडी दाराशी लागली की समोरच्या खिडक्यांचे पडदे हलायला लागत. पण खरी बातमी कळायची ती गाडी निघून गेल्यावर. डाग नाण्याएवढा असला तर बाई झटकन मोकळी झाली. बशीएवढा असला तर जरा अडली होती. आणि ताटाएवढा डाग दिसला की बायका आवाज खाली आणून बोलत, आणि पुरुष उगाचच चपला घालून रस्त्यावर एक चक्कर मारून येत. एकदा तर ब्रह्मचारी बाईंडरच्या दाराशी बशीएवढा डाग सापडला. पुस्तकं बांधणारा, मान खाली घालून चालणारा सरळ माणूस. पण बघता बघता त्याची अशी काही बदनामी झाली की त्याच्याकडे वह्या बांधायला टाकणाऱ्या बायका नवऱ्यांना पाठवू लागल्या. शेवटी त्या बिचाऱ्याने टोपली घेऊन दारात उभं राहून सगळ्यांना आतली मांजर आणि तिची पिल्लं दाखवली. मांजर अडली म्हणून आक्काला बोलावलं होतं! त्यावरही एक म्हातारी म्हणालीच, "पिल्लं बाईंडरसारखीच दिसतात हो."

आक्काचा नवरा चित्रकलेचा मास्तर. तो गाडी चालवायला शेवटपर्यंत शिकला नाही. म्हणायचा, "मला रंग कळतात, गिअर कळत नाहीत." पण आक्काला अवेळी बोलावणं आलं की शर्टाची बटणं लावत लावत तोही शेजारी येऊन बसायचा. आक्का आत, मास्तर बाहेर गाडीत. आत बाळाने पहिला टाहो फोडला की मास्तर हॉर्न वाजवायचा. एकदाच, तोही हळूच. गावात अशी कितीतरी माणसं आज केस पांढरे करून हिंडताहेत, ज्यांचं पहिलं स्वागत आईच्या आधी मोटारीच्या हॉर्नने केलंय.

मग मास्तर गेला. दवाखान्याची नोकरी सुटली. बाळंतपणं मोठ्या हॉस्पिटलात जाऊ लागली. राहिली ती गाडी, आणि आक्काला फोन करणाऱ्या कोवळ्या आया. "आक्का, बाळ रडायचं थांबतच नाही हो!" की आक्का निघाली गाडी काढून. बहुतेक वेळा बाळाला काही झालेलं नसायचंच. आईलाच कुणीतरी 'झोप गं तू जरा' म्हणायला हवं असायचं.

हे सगळं असंच चाललं असतं. पण आक्का राहायची त्या इमारतीच्या अंगणात नवी, फिकट पिवळी फरशी बसली. आणि फरशीबरोबर सेक्रेटरीला नवा हुरूप आला. माणूस वाईट नव्हता. पण घरात त्याच्या हाती टीव्हीचा रिमोटसुद्धा कुणी देत नसे, त्यामुळे सगळी सत्ता त्याला अंगणातच गाजवावी लागे.

"आक्का, ही फरशी नवी आहे."

"छान दिसतेय हो."

"तिच्यावर तुमच्या गाडीने डाग पाडलाय."

"एवढासा तर आहे."

"आज एवढासा आहे."

"अहो, घरात लहान मूल असलं की इकडेतिकडे ओलं होणारच."

"आक्का, ती मोटार आहे. आणि ती लहान नाही." सेक्रेटरीने हात मागे बांधले. "येत्या रविवारी मीटिंग आहे. तोवर गळायची थांबली तर राहू दे. नाहीतर सरळ भंगारात द्या. बाहेर रस्त्यावरही ठेवता येणार नाही, तिथे आता रात्रीची बंदी आहे."

आक्का वर आली ती तणतणतच. घरात तिची नणंद होती. टेलिफोन ऑफिसातून रिटायर झालेली, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, मास्तर गेल्यापासून वहिनीच्या सोबतीला येऊन राहिलेली. जन्मभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिल्यामुळे तिला सगळं आधीच माहीत असायचं.

"वहिनी, माझं पसरट पातेलं दिसत नाही कुठे."

"असेल कुठेतरी."

"कुठेतरी म्हणजे गाडीखाली ना? मी गॅलरीतून बघितलं मघाशी. त्यात मी दूध तापवते, वहिनी!"

"आता नका तापवू."

नणंदेने कपाळाला हात लावला. "विकून टाका ना ती ब्याद. तुमचा भाचा म्हणतोय ना, मावशी, कुठे जायचं असेल तिथे मी सोडीन."

"वन्सं, तो सोडेल, कबूल आहे. मागच्या सीटवर बसवेल, मांडीवर पर्स देईल, दर चौकात विचारेल, मावशी, वारं लागतंय का? आणि मी कुठे निघालेय, का निघालेय, परत कधी येणार, हे त्याला आधी सांगायचं. मी आजवर लोकांकडे गेलेय. कुणी न्यायला यायची वाट बघत खिडकीत बसलेली नाही."

नणंद उठली. आतून दुसरं पातेलं घेऊन आली आणि त्यात दूध ओतलं.

दुसऱ्या दिवशी आक्का पायाळूकडे गेली.

पायाळू म्हणजे गॅरेजवाला. पन्नाशीचा, नाकाच्या टोकावर चष्मा ठेवणारा, गावभर ज्याच्या हाताचं नाव होतं असा. पण आक्काच्या लेखी तो पायाळूच, कारण जन्माला येताना तो उलटा आला होता. आधी पाय, मग बाकीचा ऐवज. आणि तो ऐवज सुखरूप बाहेर काढला होता आक्काने. ताटाएवढा डाग पडला होता त्या दिवशी. गंमत बघा, पुढे त्याने धंदाही असा निवडला की आजही गॅरेजात शिरलं की आधी त्याचे पायच दिसतात. बाकीचा कुठल्यातरी गाडीखाली.

"पायाळू, बाहेर ये!"

गिऱ्हाइकं हसली. गाडीखालचे पाय दचकले. "आलो आलो, आक्का."

आक्काने सेक्रेटरीचा हुकूम सांगितला. पायाळूने गाडीचं बॉनेट उघडलं, ऑइल मोजायची काडी ओढून बाहेर काढली, फडक्याला पुसली, वास घेतला, आणि चष्मा कपाळावर चढवला.

"आक्का, ऑइल शेवटचं कधी बदललं?"

"दर महिन्याला घालते की. कमी झालं की ओतायचं."

"घालणं वेगळं. बदलणं म्हणतोय मी. जुनं सगळं काढून टाकायचं, फिल्टर नवा लावायचा, मग नवं भरायचं."

"सगळं काढून?" आक्का कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "अरे, बाईचं रक्त जात असलं तर आपण काय करतो? बाहेरून रक्त चढवतो. असलेलं सगळं काढून घेऊन मग नवं भरा, असं कुठला डॉक्टर म्हणतो? खालून थोडं जातं, वरून मी थोडं घालते. आपोआप बदलतंच की ते!"

इतकी वर्षं ही गाडी अशी चालली होती! पायाळूला हसू फुटत होतं. पण ज्या बाईने आपल्याला पाय धरून या जगात ओढलं, तिच्यासमोर हसायचं तरी कसं? तो जरा विचारात पडला.

"आक्का, समजा बाळाला टबात अंघोळ घालताय. पाणी गार झालं, तुम्ही वरून गरम ओतलं. बरोबर?"

"बरोबर."

"दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच पाणी. वरून थोडं गरम. तिसऱ्या दिवशी तेच. वर्षभर तेच."

आक्काचं तोंड असं झालं की जणू कुणी तिच्या वॉर्डात चपला घालून शिरलंय. "शी!" ती म्हणाली. "काढ ते. आत्ताच्या आत्ता काढ."

पायाळूने खाली ट्रे ठेवला आणि तळाचा बोल्ट सोडला. काहीच आलं नाही. मग एक काळा, जाड, चमकदार गोळा हळूहळू लोंबायला लागला आणि थप्पकन पडला. मागोमाग डांबरासारखी धार. आक्काने तोंड फिरवलं. जन्मभर काय काय बघितलेली बाई. पण हे तिने स्वतः केलेलं होतं.

पायाळूने इंजिन आतून धुतलं, वरच्या झाकणाखालचं कडक झालेलं पॅकिंग बदललं, फिल्टर नवा लावला, मधासारखं ऑइल भरलं. गाडी परत निघाली ती पिसासारखी. आक्का घरी आली तेव्हा गुणगुणत होती. नणंद म्हणाली, "माझं पातेलं आणा आता वर." आक्काने ऐटीत आणून दिलं.

सकाळी नणंद गॅलरीत गेली आणि तिथूनच ओरडली, "वहिनी! आता पातेलं नाही पुरायचं, हंडा लागेल!"

डाग नव्हता तो, डबकं होतं. त्याच्या कडेला सेक्रेटरी उभा होता, हात मागे बांधून. बोलला मात्र एक शब्द नाही. त्याच्या न बोलण्यातच रविवारची मीटिंग होऊन गेली होती.

आक्का गॅरेजात पोचली ती धुमसतच. "मेल्या, तू तिला बरी केलीस की मारलीस?"

पायाळू गाडीखाली सरकला. बराच वेळ नुसते पाय. मग खालून आवाज आला, "आक्का, रागावणार नसाल तर सांगतो."

"रागावणार आहे. सांग."

"इंजिनाच्या मागच्या बाजूला, शाफ्ट बाहेर येतो तिथे, एक सील असतं. रबरी कडं. ते केव्हाच गेलेलं होतं. इतक्या वर्षांची घाण त्याच्याभोवती बसून बसून तिचंच बूच झालं होतं. आपण घाण धुतली, बूचही निघालं."

आक्काने ट्रेकडे बघितलं. मग म्हणाली, "मग ती घाण परत घाल."

"तसं नाही होत, आक्का."

"का नाही होत? तुझ्या ट्रेमध्ये आहे ना अजून?"

गॅरेजातली माणसं तोंडं लपवू लागली. पायाळू बाहेर आला, हात पुसले. "गिअरबॉक्स उतरवून सील बदलावं लागेल. मोठं काम आहे. आणि खरं सांगू? सील बदलूनही खात्री नाही. शाफ्टवर खाच पडली असेल तर नवं सीलही गळणार. मग माझ्याकडे उपाय नाही. आत काय आहे ते उघडल्यावरच कळेल."

हे वाक्य आक्काच्या ओळखीचं होतं. किती नवऱ्यांना, किती सासवांना तिने ते ऐकवलं होतं. ऐकताना कसं वाटतं ते आज कळलं.

"उघड," ती म्हणाली. "मी थांबते."

काम सुरू झालं. आक्का आधी गप्प होती. पण गिअरबॉक्सचा एक बोल्ट गंजून अडला आणि पायाळू खालून कण्हायला लागला, तेव्हा तिला राहवेना. ती गुडघ्यावर हात टेकून वाकली.

"घाई नको. श्वास घे. घे म्हणते ना! सोड. आता पुन्हा घे. आता लाव जोर, लाव, लाव, लाव, थांबू नको..."

कर्रर्र करून बोल्ट फिरला. गॅरेजात टाळ्या वाजल्या. पायाळूने घामेजलेलं तोंड बाहेर काढलं. "आक्का, आता पुढचं काम नाजूक आहे. बाहेर बसा."

"मी?"

"बाहेर बसा, आक्का."

कुणाला तरी हे म्हणायची सवय तिला होती, ऐकायची नव्हती. ती निमूट बाहेर गेली आणि जुन्या टायरवर बसली. आतून पान्याचे आवाज येत होते. कधी एखादी शिवी. मग काहीच येईना.

तेवढ्यात नणंद थर्मासातून चहा घेऊन हजर. टायरवर बसायचं तिला जिवावर आलं, पण बसली. दोघी झाकणातून चहा प्यायल्या.

"दादाला पण तुम्ही असंच बाहेर बसवायचात," नणंद म्हणाली.

"मी कुठे बसवलं? तुमचे दादा आपणहून यायचे. गाडीत आडवे होऊन मस्त झोपायचे, आणि मूल रडलं की जागे व्हायचे."

"झोपायचा? दादा?" नणंद तिच्याकडे बघतच राहिली. "वहिनी, तो घाबरायचा. मला सांगायचा ना. बाई ओरडतेय तोवर बरं असतं म्हणे. आतून आवाज यायचा थांबला की स्टिअरिंग धरून बसायचा. हॉर्न वाजवायचा तो बाळासाठी नव्हे काही. सुटल्याचा आनंद व्हायचा त्याला."

आक्काने झाकण खाली ठेवलं. इतक्या वर्षांत तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. आत ती एकटी नव्हतीच तर. भिंतीपलीकडे, त्या निळ्या डब्यात, एक माणूस स्टिअरिंग घट्ट धरून तिच्याबरोबर कळा सोसत होता. आणि बाहेर आली की ती त्याला काय म्हणायची? "उठा, झोपाळू!" तोही हसून डोळे चोळायचा. ढोंगी!

"मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"तुम्ही हसला असतात."

"हसलेच असते," आक्का म्हणाली, आणि पदराने नाक पुसलं. गॅरेजातून अजून आवाज येत नव्हता. तिने नणंदेचा हात कधी धरला ते दोघींनाही कळलं नाही.

ऊन कललं तेव्हा पायाळू बाहेर आला. चेहऱ्यावरून काही कळेना. डॉक्टर लोकांनाही ही वाईट खोड असते.

"बोल की मेल्या!"

"खाच नाही, आक्का. शाफ्ट आरशासारखा आहे. नवं सील बसलं."

नणंदच आधी रडली. तिचा या गाडीशी तसा काही संबंध नव्हता, पण रडायचं काम ती कुणावर सोडत नसे.

पायाळूने गाडीखाली पांढरा कागद अंथरला, इंजिन चालू ठेवलं, गरम होऊ दिलं, बंद केलं, थांबला. कागद कोराच राहिला. मग त्याने आक्काला समोर उभी करून, तिच्याच आवाजात, पथ्य सांगितलं. "आता दर सहा महिन्यांनी ऑइल बदलायचं. फिल्टरसकट. वरून ओतून भागवायचं नाही. आणि दर आठवड्याला काडी काढून बघायची, गाडी सपाट जागी आणि थंड असताना."

"पण मी फिरवतेच किती?"

"फिरली नाही तरी बदलायचं. उभ्या गाडीतलं ऑइलही म्हातारं होतं."

"बसून राहिलं की होतंच," नणंद म्हणाली, आणि टायरवरून उठताना तिचा गुडघा असा वाजला की पायाळू गाडीकडे बघू लागला.

जन्मभर दुसऱ्यांना तारखा देणाऱ्या आक्काने मुकाट्याने तारीख घेतली.

पुढचे दोन दिवस अंगण कोरडं राहिलं, आणि गल्लीत कुणाच्या दाराशीही डाग दिसेना. इमारतीतल्या बायकांची फार पंचाईत झाली. आक्का सकाळी कुठे गेली होती, किती वेळ होती, काही पत्ता लागेना. एकीने तर भाजी निवडता निवडता सरळ विचारलं, "आक्का, काल कुणाकडे होतात?" आक्का म्हणाली, "सांगते हां कधीतरी," आणि जिना चढून गेली. अशी चैन तिला जन्मात मिळाली नव्हती.

रविवारी मीटिंग अंगणातच भरली. सेक्रेटरीने बॅटरी आणली होती. तो आधी वाकला, मग गुडघ्यावर टेकला, शेवटी नव्या फरशीवर चक्क पालथा पडला आणि गाडीखाली उजेड फिरवला. सगळे बघत होते. त्याची बायको वरून म्हणाली, "घरात कधी पलंगाखाली असं वाकलात का?"

सेक्रेटरी उठला, कपडे झटकले. फरशीला बोट लावून बघितलं, बोट कोरडं. "ठीक आहे," तो म्हणाला. "राहू दे गाडी."

आक्काने मान हलवली. आनंद दाखवायचा नाही असं तिने ठरवलं होतं, पण चावी हातातच होती. तिने दार उघडलं. नणंद नेहमीप्रमाणे सीट पुढे वाकवून मागे शिरायला निघाली. मास्तर गेल्यापासून पुढच्या सीटवर आक्काची काळी बॅग असायची. बॅगेत आता औषधंही नव्हती. तरी ती तिथेच बसायची, आणि नणंदेने कधी विचारलं नव्हतं.

आक्काने बॅग उचलली आणि मागे टाकली.

"वन्सं, पुढे बसा."

"अगंबाई, मला चालतं मागे."

"मला नाही चालत. मागे बसता तुम्ही, तर मी ड्रायव्हर झाल्यासारखं वाटतं. बसा म्हणते ना!"

नणंद बसली. सीट मास्तरच्या मापाची, मागे सरकवलेली होती. तिचे पाय पुढे पोचेनात. आक्काने हात खाली घालून सीट पुढे ओढली. जरा जोरच लावावा लागला, कारण इतकी वर्षं ती सरकलीच नव्हती.

"कुठे जायचंय?" नणंदेने विचारलं.

"कुठे नाही. नुसतं जाऊ."

गाडी फाटकातून बाहेर पडली. पहिल्याच वळणावर नणंद म्हणाली, "हळू घ्या ना वहिनी, केवढ्याने चालवता!" आणि आक्काने, मुद्दामच, आणखी थोडा वेग वाढवला.